बुलात उतेमुरातोव : कझाकस्तानातील खाजगी बँकिंगचा उदय आणि राज्यसंस्था (१९९१-२०२३)

प्रस्तावना

इतिहासाच्या आपल्या अभ्यासक्रमांत मध्य आशिया बहुधा बाबराबरोबर येतो आणि बाबराबरोबरच निघून जातो. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या मध्य आशियाई प्रजासत्ताकांचा आर्थिक इतिहास मात्र भारतीय अभ्यासकाला अनेक दृष्टींनी उद्‌बोधक आहे. भारताने १९६९ मध्ये चौदा मोठ्या खाजगी बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. कझाकस्तानचा प्रवास याच्या नेमका उलट दिशेने झाला. तेथे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत खाजगी बँक ही संकल्पनाच अस्तित्वात नव्हती. २००१ अखेर देशातील प्रमुख बँका खाजगी मालकीच्या झाल्या होत्या. खाजगी भांडवलाची कोणतीही परंपरा नसलेल्या समाजात बँकांचे मालक कोठून आले, हा प्रश्न म्हणूनच इतिहासकाराने विचारावा असा आहे.

प्रस्तुत लेखात बुलात उतेमुरातोव या कझाक गुंतवणूकदाराच्या कारकिर्दीच्या आधारे या प्रश्नाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. मुत्सद्दी, उच्च प्रशासकीय अधिकारी, बँकेचे भागधारक, खाणउद्योगातील गुंतवणूकदार आणि पुन्हा बँकेचे मालक अशा टप्प्यांतून गेलेली ही कारकीर्द कझाकस्तानच्या आर्थिक संक्रमणाशी समांतर चालते. लेखाचा हेतू व्यक्तिगौरव अथवा दोषारोप हा नाही. बँकेची किंमत वाढत असताना लाभ कोणाकडे गेला आणि ती कोसळली तेव्हा भार कोणी उचलला, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी : सोव्हिएत वारसा आणि नवी बँकव्यवस्था

सोव्हिएत व्यवस्थेत बँक ही नियोजन यंत्रणेची केवळ हिशेबशाखा होती. कोणत्या कारखान्याला किती निधी द्यायचा याचा निर्णय योजना मंडळ घेई. बँक तो नोंदवी. कर्जदाराची पत तपासणे, तारण ठरवणे, व्याजाचा दर जोखमीनुसार बदलणे ही बँकिंगची मूलभूत कौशल्ये तेथे विकसित होण्याचे कारणच नव्हते. गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणाकाळात उद्योग, शेती, गृहनिर्माण, परकीय व्यापार आणि बचत यांसाठी स्वतंत्र विशेषीकृत बँका स्थापन झाल्या. १९९१ नंतर त्यांच्या कझाकस्तानातील शाखांचे रूपांतर राष्ट्रीय बँकांत झाले. बचत बँकेतून 'हालिक बँक', म्हणजे 'जनतेची बँक', निर्माण झाली. उद्योग आणि परकीय व्यापाराच्या बँकांतून अनुक्रमे 'तुरान बँक' आणि 'आलेम बँक' निर्माण झाल्या.

त्याच वेळी खाजगी बँकांना परवाने मिळू लागले. भांडवलाची अट अत्यंत शिथिल असल्यामुळे १९९३ पर्यंत देशातील बँकांची संख्या दोनशेच्या वर गेली. यांतील अनेक बँका एखाद्या कारखान्याच्या किंवा व्यापारी गटाच्या खिशातील पेढ्या होत्या. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी तेंगे हे स्वतंत्र चलन आल्यावर नॅशनल बँकेने नियम कडक केले आणि बँकांची संख्या झपाट्याने घटली. २००० च्या दशकाच्या मध्यास ती पस्तिसाच्या आसपास होती.

या काळात बँकमालक होण्याचे दोन मार्ग उपलब्ध होते. पहिला मार्ग सरकारी बँक विकत घेण्याचा. १९९७ मध्ये तुरान आणि आलेम यांचे एकत्रीकरण झाले आणि १९९८ मध्ये ही बँक ७ कोटी २० लाख डॉलरना खाजगी गुंतवणूकदारांच्या गटाला विकण्यात आली. हीच पुढे 'बीटीए बँक' म्हणून ओळखली गेली. दुसरा मार्ग नवी बँक उभी करण्याचा होता. १९९० मध्ये सुरू झालेली काझकोमेर्त्सबँक आणि १९९५ मध्ये अल्माती येथे 'अल्माती ट्रेड अँड फायनान्स बँक' या नावाने स्थापन झालेली एटीएफ बँक ही त्याची ठळक उदाहरणे. उतेमुरातोव यांचे नाव या दुसऱ्या मार्गाशी जोडलेले आहे.

मुत्सद्दी, प्रशासक आणि भागधारक

बुलात उतेमुरातोव यांचा जन्म १९५७ मध्ये कॅस्पियन समुद्राजवळील गुर्येव, आजचे अतिराऊ, या शहरात झाला. त्यांचे अर्थशास्त्राचे शिक्षण अल्मा-आता येथील राष्ट्रीय अर्थव्यवस्था संस्थेत झाले. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत शिकलेल्या आणि तिच्या अखेरच्या वर्षांत व्यापाराकडे वळलेल्या पिढीचे ते प्रतिनिधी होत. स्वातंत्र्यानंतर परकीय व्यापाराची भाषा जाणणाऱ्या माणसांची नव्या राज्याला निकड होती. उद्योग व व्यापार खात्यातील जबाबदारीनंतर १९९६ ते १९९९ या काळात ते स्वित्झर्लंडमध्ये कझाकस्तानचे राजदूत होते. पुढे नूरसुलतान नझारबायेव यांच्या राष्ट्राध्यक्षीय कार्यालयात त्यांनी महत्त्वाची पदे सांभाळली. २००३ ते २००६ या काळात ते सुरक्षा परिषदेचे सचिव होते आणि २००६ ते २००८ या काळात राष्ट्राध्यक्षांच्या व्यवस्थापन विभागाचे प्रमुख होते.

एटीएफ बँकेची वाढ याच वर्षांत झाली आणि २००७ पर्यंत ती देशातील पहिल्या पाच बँकांच्या रांगेत येऊन बसली. कझाकस्तानच्या कायद्यानुसार सरकारी अधिकाऱ्याला स्वतः उद्योग चालवता येत नाही; आपले भाग त्याने विश्वस्त व्यवस्थापनाकडे सोपवणे अपेक्षित असते. म्हणजे मालकी राहू शकते, दैनंदिन कारभार मात्र दुसऱ्याच्या हाती जातो. कायद्याच्या दृष्टीने ही व्यवस्था पुरेशी असेल. इतिहासाच्या दृष्टीने ती एक वेगळी गोष्ट सांगते. ज्या समाजात न्यायालये, लेखापरीक्षण आणि पतमापन या संस्था बाल्यावस्थेत असतात, तेथे ठेवीदार आणि परदेशी धनको विश्वासासाठी संस्थेकडे न पाहता माणसाकडे पाहतात. बँकेमागे कोण उभे आहे, हीच त्या बँकेची पत ठरते. राज्यसत्तेची जवळीक हा अशा वेळी ताळेबंदात न दिसणारा, पण मूल्य असलेला घटक बनतो. ही बाब उतेमुरातोव यांच्यापुरती मर्यादित नव्हती. हालिक बँकेची सूत्रे राष्ट्राध्यक्षांच्या कन्या दिनारा आणि जामात तिमूर कुलिबायेव यांच्याकडे होती, तर बीटीए बँकेचे मुख्तार अब्ल्याझोव हे स्वतः माजी मंत्री होते.

तेजीची वर्षे आणि एटीएफ बँकेची विक्री

२००० ते २००७ या काळात कझाकस्तानची अर्थव्यवस्था दरवर्षी सरासरी सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. तेलाचे उत्पादन आणि भाव दोन्ही चढते होते. तेलाच्या उत्पन्नाचा काही भाग भावी पिढ्यांसाठी राखून ठेवण्याकरिता २००० मध्ये 'राष्ट्रीय निधी' स्थापन झाला. सप्टेंबर २००२ मध्ये मूडीज या संस्थेने देशाला गुंतवणूकयोग्य श्रेणी दिली. माजी सोव्हिएत राष्ट्रकुलात हा मान मिळवणारा कझाकस्तान हा पहिला देश होता. १९९८ च्या निवृत्तिवेतन सुधारणेमुळे सक्तीच्या बचतीचा मोठा ओघ सुरू झाला होता आणि बँकांच्या रोख्यांना त्यातून देशांतर्गत ग्राहक मिळाला होता.

या अनुकूलतेतच संकटाचे बीज होते. देशातील ठेवी अपुऱ्या असल्याने बँकांनी लंडन व अन्य वित्तीय केंद्रांतून रोखे आणि सामूहिक कर्जे यांच्याद्वारे स्वस्त डॉलर उभे केले. हे पैसे थोड्या मुदतीचे होते. ते अल्माती आणि अस्ताना येथील बांधकामांत, जमिनीत आणि गृहकर्जांत दीर्घ मुदतीसाठी गुंतवले गेले. जमिनीचे भाव वाढत, वाढलेल्या भावावर तारण ठरे, तारणावर नवे कर्ज मिळे आणि त्या कर्जाने भाव पुन्हा वाढत. २००७ अखेर कझाक बँकांचे परकीय कर्ज सुमारे ४५ अब्ज डॉलरपर्यंत पोचले. हे प्रमाण देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक होते.

या तेजीच्या शिखरावर, जून २००७ मध्ये, एटीएफ बँकेचे नियंत्रक भागभांडवल इटलीच्या युनिक्रेडिट समूहाला त्याच्या ऑस्ट्रियन उपकंपनीमार्फत विकण्याचा करार झाला. बँकेचे मूल्य दोन अब्ज डॉलरहून अधिक धरण्यात आले आणि व्यवहार त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाला. करार आणि पूर्तता यांमधल्या काळातच, ऑगस्ट २००७ मध्ये, अमेरिकेतील गृहकर्ज संकटामुळे आंतरराष्ट्रीय पतबाजार आखडला आणि कझाक बँकांचा परकीय कर्जाचा झरा आटला. विक्रेत्याला येणाऱ्या वादळाचे पूर्वज्ञान होते असे म्हणण्यास आधार नाही. पूर्व युरोपातील अनेक बँका त्या वर्षांत अशाच चढ्या किमतीला पाश्चात्त्य समूहांनी घेतल्या होत्या. तथापि, ज्या बँकांचे मालक विक्रीविना थांबले, त्यांची पुढील गती पाहता या व्यवहाराची वेळ किती निर्णायक होती हे लक्षात येते.

याच बँकेचे पुढील सहा वर्षांचे चरित्र बोलके आहे. युनिक्रेडिटला या खरेदीपोटी नोंदवलेल्या ख्यातिमूल्याचा मोठा भाग निर्लेखित करावा लागला. २०१३ मध्ये तिने ही बँक गालिमझान येसेनोव यांच्या काझनायट्रोजनगॅस या कंपनीला ४९ कोटी ३० लाख डॉलरना विकली. दोन अब्ज डॉलरची वस्तू सहा वर्षांत पाऊण किमतीने उतरली. या एका प्रकरणापुरता तोटा परदेशी भागधारकांनी सोसला, हे येथे नोंदवले पाहिजे. इतर बँकांच्या बाबतीत तसे घडले नाही.

संकट आणि राज्याचा हस्तक्षेप

२००८ च्या अखेरीस सरकारने राष्ट्रीय निधीतून १० अब्ज डॉलरचा संकटनिवारण कार्यक्रम जाहीर केला. 'सामरुक' आणि 'काझिना' या सरकारी कंपन्यांच्या विलीनीकरणातून बनलेला सामरुक-काझिना हा निधी या कार्यक्रमाचे साधन ठरला. फेब्रुवारी २००९ च्या प्रारंभी सरकारने बीटीए बँकेचा बहुसंख्य हिस्सा ताब्यात घेतला आणि लगेचच तेंगेचे अवमूल्यन झाले. एका डॉलरचा दर सुमारे १२० वरून १५० तेंगेवर गेला. डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या आणि तेंगेमध्ये वेतन मिळवणाऱ्या कुटुंबांचे हप्ते त्यामुळे एकाएकी फुगले.

बीटीए आणि अलायन्स या दोन्ही बँकांनी २००९ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली. २०१० मध्ये झालेल्या पुनर्रचनेत धनकोंना मोठी सूट द्यावी लागली आणि अलायन्स तसेच बीटीएची उपकंपनी असलेली तेमिर बँक याही सामरुक-काझिनाच्या मालकीत आल्या. अब्ल्याझोव देश सोडून गेले. बँकेने लंडनच्या न्यायालयात त्यांच्याविरुद्ध मोठ्या रकमांचे निवाडे मिळवले. आपल्यावरील कारवाई राजकीय असल्याचे ते सांगत राहिले आणि फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांचे प्रत्यार्पण रोखले. ज्या व्यवस्थेत सत्तेची जवळीक ही बँकेची पत असते, त्या व्यवस्थेत सत्तेशी वैर हा बँकेचा सर्वांत मोठा धोका असतो, हे या प्रकरणातून दिसते. मात्र बीटीएच्या कोसळण्याचे सारे कारण राजकारणात शोधणे योग्य होणार नाही. अल्पमुदतीच्या परकीय पैशावर दीर्घ मुदतीचे बांधकाम उभारण्याची चूक सर्वच मोठ्या बँकांनी केली होती.

खाणीतून पुन्हा बँकेकडे

बँक विकल्यानंतर उतेमुरातोव यांच्या भांडवलाचे केंद्र वेर्नी कॅपिटल हा गुंतवणूक समूह बनला. पूर्व कझाकस्तानातील काझझिंक या जस्त, शिसे, तांबे आणि सोने उत्पादक कंपनीत या समूहाकडे मोठा हिस्सा होता आणि नियंत्रण ग्लेनकोर या स्विस समूहाकडे होते. २०११ मध्ये ग्लेनकोरच्या भागविक्रीच्या वेळी हा हिस्सा रोख रक्कम आणि ग्लेनकोरचे भाग यांच्या मोबदल्यात ३.२ अब्ज डॉलरना देण्याचा करार झाला. तो ठरल्याप्रमाणे संपूर्ण अमलात आला नाही. २०१२ मध्ये काही भाग ग्लेनकोरकडे जाऊन तिची मालकी सत्तर टक्क्यांच्या जवळ पोचली आणि सुमारे तीस टक्के हिस्सा सरकारी क्षेत्राकडे गेला. येथेही खाजगी हिश्शाच्या हस्तांतरणात राज्य हा एक पक्ष होता.

याच सुमारास सरकारला संकटकाळात घेतलेल्या बँका सांभाळणे जड जाऊ लागले होते. थकीत कर्जांचे प्रमाण एकूण कर्जांच्या तीस टक्क्यांच्या आसपास गेले होते. डिसेंबर २०१३ मध्ये उतेमुरातोव यांनी सामरुक-काझिनाकडून तेमिर बँकेचा ७९.९ टक्के आणि अलायन्स बँकेचा १६ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. त्यांच्याकडे पूर्वीची मेट्रोकोमबँक ही लहान बँक 'फोर्टे बँक' या नव्या नावाने होतीच. २०१४ मध्ये अलायन्सच्या कर्जाची दुसऱ्यांदा पुनर्रचना झाली आणि २०१५ च्या प्रारंभी तिन्ही बँका एकत्र येऊन आजची फोर्टे बँक उभी राहिली. २०१९ मध्ये तिने कासा नोव्हा ही बँक घेतली आणि पुढे ती फ्रीडम समूहाला विकली.

या टप्प्याचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी करावे लागते. तीन दुबळ्या बँका एकत्र करून एक चालती बँक उभी करणे हे बँकिंगचे खरे काम होते, आणि त्यात खाजगी भांडवलाची जोखीमही होती. अलायन्स बुडाली तेव्हा ती उतेमुरातोव यांची नव्हती, हेही विसरता येत नाही. परंतु खरेदीदाराच्या हाती आलेली अलायन्स आणि तेमिर या २००९ च्या बँका नव्हत्या. मधल्या पाच वर्षांत जुने मालक दूर झाले होते, धनकोंनी आपला दावा कमी केला होता आणि सरकारने भांडवल ओतले होते. तोट्याचा अवघड भाग सार्वजनिक मालकीच्या काळात पार पडला. त्यानंतर बँक पुन्हा खाजगी झाली.

तुलना : दोन तेंगेंची बँक

हाच क्रम इतरत्र अधिक तीव्रतेने दिसतो. २०१४ मध्ये बीटीए बँक काझकोमेर्त्सबँक आणि उद्योजक केनेस राकिशेव यांच्याकडे गेली. तिच्या बुडीत कर्जांचे ओझे अखेर काझकोमेर्त्सबँकेलाच पेलवेना. २०१७ मध्ये सरकारने सुमारे २.४ लाख कोटी तेंगे देऊन ही बीटीएसंबंधी कर्जे उचलली आणि त्यानंतर हालिक बँकेने काझकोमेर्त्सबँक विकत घेतली. विक्रेते दोन होते, राकिशेव आणि सामरुक-काझिना. प्रत्येकाला एक तेंगे मिळाला. एकेकाळी देशातील सर्वांत मोठी असलेली खाजगी बँक दोन तेंगेंना विकली गेली, आणि तिची खरी किंमत सार्वजनिक तिजोरीने आधीच चुकती केली होती.

परदेशी बँकांनाही ही भूमी सुलभ ठरली नाही. भारतीय वाचकाला जवळचे उदाहरण पंजाब नॅशनल बँकेचे आहे. तिने २०१० च्या सुमारास दाना बँकेत बहुसंख्य हिस्सा घेतला. पुढे तेंगरी बँक या नावाने चाललेल्या या संस्थेचा परवाना २०२० मध्ये रद्द झाला. युनिक्रेडिट असो वा पंजाब नॅशनल बँक, बाहेरून आलेल्या भागधारकाला बँकेचा ताळेबंद विकत घेता आला. त्या ताळेबंदामागचे स्थानिक संबंध विकत घेता आले नाहीत.

उत्तरार्ध : प्रतिष्ठा आणि उत्तरदायित्व

उतेमुरातोव २००७ मध्ये कझाकस्तानच्या टेनिस महासंघाचे अध्यक्ष झाले. टेनिसची फारशी परंपरा नसलेल्या देशात मैदाने आणि प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. २०१८ मध्ये रशियाकडून कझाकस्तानकडे आलेल्या एलेना रिबाकिना यांनी २०२२ मध्ये विम्बल्डनचे विजेतेपद मिळवले. त्यांच्या धर्मादाय प्रतिष्ठानाने स्वमग्न मुलांसाठी 'असिल मिरास' ही केंद्रे चालवली. संपत्ती मिळवून झाल्यावर तिला सामाजिक मान्यता मिळवण्याची ही वाट आपल्याकडील शेठ-सावकारांच्या धर्मशाळा आणि विद्यालये आठवल्यास अपरिचित वाटणार नाही. अशा कार्याची उपयुक्तता खरी असते; संपत्तीच्या उगमाविषयीच्या प्रश्नाचे ते उत्तर मात्र नसते.

हा प्रश्न जानेवारी २०२२ मध्ये रस्त्यावर आला. इंधनवायूच्या दरवाढीतून सुरू झालेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागून दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव यांनी संसदेत सांगितले की, पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात अतिशय नफ्यातील कंपन्यांचा आणि आंतरराष्ट्रीय मापानेही श्रीमंत असणाऱ्या लोकांचा एक थर निर्माण झाला असून त्यांनी आता जनतेचे देणे द्यावे. २०२३ मध्ये बेकायदा मार्गाने मिळवलेली मालमत्ता राज्याला परत करण्यासंबंधीचा कायदा झाला. खाजगीकरणाच्या तीन दशकांचा हिशेब पुन्हा मांडण्याची गरज राज्यानेच मान्य केली, असा याचा अर्थ होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, कझाकस्तानातील खाजगी बँकभांडवल राज्याच्या बाहेर वाढले नाही. ते राज्याच्या कडेला, त्याच्या सावलीत वाढले. परवाना देणारा, मालमत्ता विकणारा, संकटात वाचवणारा आणि शेवटी पुन्हा विकणारा पक्ष एकच होता. दोन, अशा व्यवस्थेत गुंतवणूकदाराचे सर्वांत मोलाचे कौशल्य कर्जव्यवहाराचे नसून वेळेचे असते. उतेमुरातोव यांनी २००७ मध्ये भरतीच्या वेळी बँक विकली आणि ओहोटीनंतर, गाळ उपसला गेल्यावर, दुसऱ्या बँका घेतल्या. हे चातुर्य त्यांचे होते. गाळ उपसण्याचा खर्च मात्र राष्ट्रीय निधीचा, धनकोंचा आणि अवमूल्यनाची झळ सोसणाऱ्या सामान्य कर्जदारांचा होता. तीन, राज्याची मालकी आणि खाजगी मालकी यांपैकी कोणती श्रेष्ठ, हा वाद येथे अपुरा पडतो. आपण १९६९ च्या राष्ट्रीयीकरणाची चर्चा बहुधा याच चौकटीत करतो. कझाकस्तानचा अनुभव असे सुचवतो की मालकी कोणाचीही असो, तोट्याची जबाबदारी नफ्याच्या जबाबदारीपासून वेगळी करण्याची मुभा मिळाली की बँकव्यवस्था हळूहळू सार्वजनिक तिजोरीवर जगू लागते.

तेलाचा पैसा भावी पिढ्यांसाठी राखून ठेवावा म्हणून कझाकस्तानने राष्ट्रीय निधी उभारला होता. त्यातला काही वाटा एका पिढीच्या बँकांनी चुकवलेल्या हिशेबाची भरपाई करण्यात गेला. ज्या पिढीसाठी तो राखला होता, ती पिढी आता महाविद्यालयांत शिकत आहे.